प्रवाळाची दारू

मला वाचता येऊ लागलं ते पत्रकांवर. अंगणवाडीच्या तक्त्यावर कमळ होतं, बदक होतं. पण आमच्या घरी खाटेखाली, धान्याच्या कोठीवर आणि जुन्या टीव्हीच्या खोक्यात बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे होते, आणि त्यांचे मथळे तक्त्यावरच्या अक्षरांपेक्षा मोठे होते. त्यामुळे न अडखळता वाचलेला माझा पहिला शब्द 'कमळ' नव्हता, 'धिक्कार' होता. पाहुणे आले की मला तो वाचून दाखवायला सांगत, आणि मी उजवा हात वर करून वाचत असे.

बाबा वरठीला पोलादाच्या कारखान्यात फिटर. ड्युटी संपली की सायकल भिंतीला टेकवून ते लिहायला बसत. मामाचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा पुनर्वसनावर, कोणी मांत्रिकाकडे जाऊ लागलं की अंधश्रद्धेवर, आणि बाकी सगळा वेळ दारूवर. ऑक्टोबरात नागपूरला पुस्तकांचे ठेले लागत, त्यात आमचाही असे. पत्रकांच्या तीन घड्या घालायचं काम माझं. नऊ वर्षांची असताना मी आईला 'दोडक्याच्या सक्तीविरुद्ध जाहीर निवेदन' दिलं होतं. आई अंगणवाडी सेविका. तिने ते पूर्ण वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त केलं, खाली 'विचार केला जाईल' असा शेरा मारला आणि दोडका वाढला.

हे सगळं सांगते आहे ते अशासाठी, की पुढे दादाच्या समुद्रात मी जो घोळ घातला तो इतर कुठल्या घरातल्या मुलीने घातला नसता.

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाव मोप. गोंदिया वेगळा झाला तेव्हा अर्धे तिकडे गेले, तरी आमच्या वाट्याला भरपूर उरले. समुद्र मात्र कोणाच्याच वाट्याला आला नव्हता. तो दादाने बैठकीत आणला. तीन फुटांची काचेची पेटी, वर निळसर दिवे, मागे पाण्याचा फेस करून त्यातली घाण बाहेर काढणारं एक यंत्र, ज्याला तो स्किमर म्हणे. नागपूरहून आणलेलं समुद्री मीठ तो फिल्टरच्या पाण्यात मोजून कालवायचा. आई पदर खोचून बघत राहायची आणि शेजारणींना सांगायची की जगात लोक पाण्यातून मीठ काढतात, हा घरी बसून पाण्यात मीठ टाकून रायला.

पेटीत जोकर मासे दोन, दगडाला चिकटलेली बटणांसारखी काही फुलं, आणि एक प्रवाळ. हे प्रवाळ अंगठीतल्या पोवळ्यासारखं कडक नव्हतं. कडक, दगडी प्रवाळांना आपल्या कायद्याने वाघाइतकं संरक्षण आहे. हे मी स्वतः वाचून काढलं होतं आणि दादाला जेवताना वाचून दाखवलं होतं. त्याच्याकडून दुकानाची पावती मागून घेऊन तपासली होती. हे मऊ, चामड्यासारखं, कायद्यात बसणारं. आकार छत्रीचा, रंग पिवळसर तपकिरी, आणि छत्रीवर असंख्य बारीक बोटं, जी खुशीत असली की बाहेर येऊन हलत. पावसाळ्यात आमच्याकडे वारुळावर ज्या छत्र्या उगवतात त्यांना सात्या म्हणतात. आईने प्रवाळाचं नाव सात्या ठेवलं.

बाबांनी पेटीला परवानगी दिली, पण अट घालून. ते म्हणाले, हौसेपायी जीव मारायचा नाही. "यातला एक जरी मेला, तं दुसऱ्या दिवशी पेटी जिथून आणली तिथं जाईन." आमच्या घरी पंचशील भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतं. पहिलं शील, जीव घ्यायचा नाही, ते घरातल्या मुंग्यांनाही लागू होतं. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला जाई, पण मुंगीवर पावडर पडत नसे. तेव्हा दादाला ठाऊक होतं की बाबा गंमत करत नाहीत.

दादा त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बॉयलरचं पाणी तपासणं हे त्याचं काम. पाण्यात काही म्हणजे काहीच असता कामा नये, नाहीतर नळ्या चोंदतात. आमच्या घरात देव नाही, पण दादाला शून्य होतं. परीक्षानळीत रंग आला नाही की त्याचा चेहरा उजळायचा.

पेटीसाठी दोन पद्धती होत्या, आणि त्याने त्या मला समजावून सांगितल्या. एक पारंपरिक. दगड ठेवायचे, मासे ठेवायचे, खायला टाकायचं, आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. पाण्यात थोडी घाण राहते, नायट्रेट राहतं, फॉस्फेट राहतं, आणि प्रवाळं त्यातच आपलं भागवतात. दुसरी नवी, कमी पोषणाची. खऱ्या समुद्रातल्या खडकांजवळ पाणी फार स्वच्छ असतं, तसं करायचं. नायट्रेट जवळजवळ शून्य, फॉस्फेट जवळजवळ शून्य, वर प्रखर दिवे. कडक प्रवाळांचे रंग यात भडक येतात, असं तो म्हणाला. मऊ प्रवाळांचं काय होतं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी विचारलं नाही कारण माझा निर्णय पहिल्या वाक्यालाच झाला होता. ज्या घरातले आजोबा छप्पन साली परंपरेला रामराम करून नागपूरहून परत आले, त्या घरात 'पारंपरिक' हा शब्द कौतुकाचा नाही. बाबांच्या पत्रकात परंपरा आली की पुढच्याच ओळीत बेड्या येत. मी त्याच संध्याकाळी कागद घेतला. 'परंपरेच्या गाळातून प्रवाळांची मुक्तता करा' असा मथळा घातला, खाली चार परिच्छेद. जुनं पाणी, जुनी घाण, जुन्या सवयी, आणि त्यांचं समर्थन करणारे सगळे मी एका दमात झोडपले. ते पत्रक फ्रिजवर लावलं. दादाला घरात मिळालेला हा पहिला पाठिंबा. तो इतका खूश झाला की त्याने मला स्किमरचा कप धुवायचा मान दिला. वास असा होता की माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तिथेच विचार बदलला असता.

महिनाभरात पाणी काचेसारखं झालं. मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत. फक्त सात्या मिटला. आधी बोटं आत गेली, मग छत्री आकसली, मग रंग उतरून दुधाळ होत गेला. दादा म्हणाला ही जुनी साल टाकायची तयारी आहे, दोन दिवसांत उघडेल. दोन दिवस गेले, आठवडा गेला, दुसरा आठवडा संपत आला.

आई एका दुपारी अंगणवाडीतून आली ती पिशवी न ठेवता थेट पेटीसमोर बसली. पिशवीतून तिने दंडघेराची पट्टी काढली. लहान मुलांच्या दंडाला गुंडाळून मापायची ही पट्टी. हिरव्यात आलं तर पोर ठीक, पिवळ्यात काळजी, लालमध्ये तीव्र कुपोषण. आईने ती काचेवर सात्याच्या देठाशी धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"हे लालमधे गेलं," ती म्हणाली. "याले कोणी खाऊ घालते का नाही?"

दादाने तिला पद्धत समजावली. कमी पोषण हे मुद्दाम आहे, त्यामागे शास्त्र आहे. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, वीस वर्षं झाली मले कुपोषणाचे फॉर्म भरून, मुद्दाम करणारा तूच पहिला भेटला. बाबा पेपराआडून म्हणाले, अट लक्षात आहे ना. दादाने त्या संध्याकाळी पेटीच्या काचा आतून, बाहेरून दोनदा पुसल्या, जणू दोष काचेचा होता.

त्यानंतर दोन दिवसांनी मी कात्री शोधत होते. मिठाच्या बादलीमागे हात घातला आणि हाताला बाटली लागली. लेबल इंग्रजीत होतं, पण ते वाचायला फार शिकावं लागत नाही. व्होडका होती. अर्धी.

दारूबंदीची पत्रकं वाटत मोठी झालेल्या मुलीच्या हातात, स्वतःच्या घरात, दारूची बाटली. शेजारीच दादाची वही होती, ती उघडली. पहिल्या पानावर त्याच्या नीटस अक्षरात सगळं होतं: पाण्यात रोज थोडी व्होडका टाकायची, ती पिऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातात, आणि मग स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतं. खाली दोनदा अधोरेखित केलं होतं: 'अगदी थोड्यापासून सुरुवात. एकदम जास्त गेली तर पाणी दुधासारखं होतं, प्राणवायू संपतो, सगळं मरतं.' आणि मग रोजची नोंद. म्हणजे रोज संध्याकाळी सिरिंजने तो जे 'औषध' पेटीत सोडत असे ते हे होतं. श्वास रोखून, तोंड वळवून, हात लांब करून तो सोडायचा. मला वाटे औषध जहाल आहे. खरं तर दारूचा वास लागू नये म्हणून तो श्वास रोखत होता. पाचवं शील, नशा करायची नाही, ते नाकानेही मोडू नये अशी त्याची खबरदारी. नंतर कळलं, बाटली आणायला तो भंडाऱ्याला गेला तेव्हा दुकानात त्याने हेल्मेटही काढलं नव्हतं, कारण बाबांना तिथे सगळे ओळखतात.

मी त्याला जाब विचारायला हवा होता. पण फ्रिजवर माझंच पत्रक होतं, त्याच पद्धतीच्या बाजूने, माझ्याच सहीचं. बाबांना सांगावं तर पेटी त्याच दिवशी गेली असती. तेव्हा मी थेट कृती केली. बाटली मोरीत रिकामी केली, त्यात फिल्टरचं पाणी तेवढंच भरलं आणि ती जागच्या जागी ठेवली. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला होता.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. मोरीला वास आला. आईने तो ओळखला, आणि घरात संशय घेण्याजोगा पुरुष तिला एकच दिसला, कारण पोरगा तर तिच्या मते दूध पिणारा. पुढचे दोन दिवस बाबा ड्युटीवरून आले की आई पाण्याचा ग्लास द्यायला फार जवळ जायची आणि नाकाने खोल श्वास घ्यायची. बाबांना वाटलं तिला सर्दी झाली. त्यांनी तिच्यासाठी ओवा आणला.

इकडे दादा रोज श्वास रोखून, तोंड वळवून, पेटीत साधं पाणी सोडत होता. मी पुस्तकात तोंड घालून बसायची.

आठवड्याने सात्याच्या छत्रीची कड उलगडली. मग एका बाजूची बोटं बाहेर आली, थोडी, लाजल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात सगळा उघडला आणि त्याला पुन्हा रंग चढू लागला. दादाने आम्हा तिघांना पेटीसमोर उभं करून नव्या पद्धतीवर छोटंसं भाषण दिलं. त्यात त्याने माझ्या पत्रकातलं एक वाक्य वापरलं. मला ते फार वाईट वाटलं, कारण वाक्य चांगलं होतं.

दादाला एकच गोष्ट कळत नव्हती. परीक्षानळीत रंग येत होता. आधी फिकट गुलाबी, मग अंमळ गडद. नायट्रेट वाढत होतं. शून्यावर वाढलेला माणूस, त्याला ते सहन होईना. त्याने औषध वाढवलं. रंग आणखी गडद झाला. त्याने आणखी वाढवलं. पाण्यात पाणी वाढत होतं आणि तो वहीत लिहीत होता, 'प्रतिसाद मंद.' मला हसू दाबायला स्वयंपाकघरात जावं लागे.

रविवारी सकाळी मात्र हसू गेलं. दादा आतून सिरिंज भरून आला. ती काठोकाठ भरलेली होती, सुरुवातीच्या तिप्पट. जुनी बाटली संपली, काल दुसरी आणली, असं तो माझ्या कानाशी सहज म्हणाला. मी त्याच्या पक्षाची होते ना, मला 'औषधा'बद्दल थोडं सांगायला त्याला हरकत वाटत नव्हती. नवी बाटली. म्हणजे खरी. आणि तिप्पट. माझ्या डोळ्यांपुढे वहीतलं ते अधोरेखित वाक्य आलं. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, आई सुपात तांदूळ निवडत होती, सात्याची सगळी बोटं बाहेर होती. दादा स्टुलावर चढला आणि त्याने श्वास रोखला.

मला पत्रक लिहायला वेळ नव्हता. तोंडाने बोलावं लागलं.

"दादा, थांब. टाकू नको."

त्याने श्वास सोडला. "काहून?"

"जास्त होईन. सगळे मरतीन."

"जास्त कायचं? तीन हप्ते झाले, हळूहळू वाढवूनच रायलो ना."

"तीन हप्ते झाले, तू पाणी टाकून रायला. बाटली मी ओतली. मोरीत."

सुपातले तांदूळ थांबले. बाबांनी पेपर खाली केला आणि अगदी शांतपणे विचारलं, कोणती बाटली. दादा स्टुलावरच होता, हातात भरलेली सिरिंज. तिथून त्याने सगळं सांगितलं. व्होडका हा शब्द तो इतक्या हळू बोलला की बाबांना पुन्हा विचारावा लागला. आईने आधी मोरीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि बाबांना बहुधा त्याच क्षणी ओव्याचा उलगडा झाला.

"मी पेत नाही, बाबा," दादा म्हणाला. "जिवाणू पेतात."

"पिऊन काय करतात?"

"घाण खातात. वाढतात. मग मशीन त्याहिले बाहेर फेकते."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे पहिले पाजायचं, मंग घाणीच्या कामाले लावायचं, अन् काम झालं की बाहेर फेकायचं. अबे, हे तं ठेकेदाराचं काम झालं."

मला एक क्षण वाटलं मी जिंकले. मग बाबा माझ्याकडे वळले. म्हणाले, विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घेतली, हे एक. तीन आठवडे खोटं वागली, हे दोन. "पाचवं शील वाचवायले तुनं दोन मोडले, पोरी. अन् आज बोलली नसती तं पहिलंही मोडलं असतं. तुले सांगायचं होतं, तं तोंड काय फक्त घोषणा द्याले आहे?"

मी आयुष्यात पुष्कळ निवेदनं दिली. त्या प्रश्नावर एकही सुचलं नाही.

दादा स्टुलावरून उतरला. रागावला असेल असं मला वाटलं, पण तो वही घेऊन बसला होता आणि बोटाने तीन आठवड्यांच्या नोंदींवरून खाली जात होता. शेवटी त्याने विचारलं की पाणीच टाकत होतो तर नायट्रेट एवढं वाढलं कशाने. दोन माशांनी एवढं होत नाही. त्यावर आईने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. सूप जरा जास्तच हलत होतं.

"आई?" दादा म्हणाला.

खणात दादाने बाजूला टाकलेलं प्रवाळांच्या भुकटी-खाद्याचं पाकीट होतं. पट्टी धरली त्या दिवसापासून आई ते सात्याला देत होती. सकाळी चिमूटभर, संध्याकाळी चिमूटभर, पाण्यात कालवून, चमच्याने. "लालमधलं पोर आहे," ती म्हणाली. "एकदम पोटभर नाही देत त्याले. थोडं थोडं, घडीघडी. बायांना रोज मी हेच सांगतो, अन् माह्याच घरात उपाशी ठेवू काय?"

"मंग माह्या या वहीत होतं काय?"

"अक्षर चांगलं आहे तुयं," आई म्हणाली.

पेटी राहिली. अट जीव मेला तर, अशी होती आणि कोणी मेलं नव्हतं. नवी बाटली आईने अंगणवाडीचा वजनकाटा आणि उंचीची पट्टी पुसायला घेतली, तीही बाबांनी लेबल खरवडून काढल्यावर. मला शिक्षा झाली ती दर रविवारी एक बादली पाणी बदलायची. मीठ मी मोजायचं, कालवायचं, खारटपणा तपासायचा. फ्रिजवरचं पत्रक मी स्वतः काढलं. पद्धतीचं नाव बघून बाजू घेणं ही चूक होती, हे मी इथे कबूल करते. परंपरेबद्दलचं माझं मत तेच आहे. फक्त पाणी बदलणं आणि भुकेल्याला खाऊ घालणं या दोन गोष्टी परंपरेच्या मालकीच्या आहेत, हे मी विनाकारण मान्य करून बसले होते.

दादाला सगळ्यात जड गेलं. त्याने स्किमर दिवसातून अर्धा वेळ चालवायचं ठरवलं, पण कामावरून आला की पहिल्यांदा हात परीक्षानळीकडे जाई. त्यानंतरच्या एका रविवारी मी बादली घेऊन आले तेव्हा तो नळी उजेडात धरून उभा होता. तिच्यात गुलाबी रंग होता, चांगला स्पष्ट. कारखान्यात असा रंग आला असता तर त्याने फोन उचलला असता. तो बराच वेळ नळीकडे बघत राहिला, मग पेटीकडे, जिथे सात्या बोटं पसरून पाण्याबरोबर झुलत होता आणि एक जोकर मासा त्याच्या छत्रीत अंग घुसळत होता.

"किती आहे?" मी विचारलं.

त्याने आकडा सांगितला आणि वहीत लिहिला. पुढचा रकाना 'उपाय' असा होता. पेन त्या रकान्यावर थोडा वेळ थांबलं. मग त्याने तिथे एक आडवी रेघ ओढली, नळी धुऊन पालथी ठेवली आणि माझ्या हातातली बादली घेतली.